एक मात्रा उशिरा

दस्तगीर,

तुझ्या शोकसभेत सगळ्यांत चांगलं भाषण आबासाहेबांचं झालं. हे तुला कळवायलाच हवं. इतर कुणी कळवणार नाही, आणि तुला राग आणल्याशिवाय मला करमत नाही. "दस्तगीर हे आमच्या मंडळाचं लेकरू होतं," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. चष्मा कोरडा होता, डोळेही कोरडे होते. रुमाल तेवढा नवा होता.

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, हे वर्तमानपत्रांनी छापलं आणि दोन्ही चुकीचं छापलं. एकानं तुला 'सिनेमाचे बॅनर रंगवणारे ज्येष्ठ कलावंत' म्हटलं, इथवर ठीक. दुसऱ्यानं लिहिलं, 'बालचित्रपटाचे पहिले कोल्हापूरकर शिल्पकार'. बालचित्रपट! तुझ्या त्या कार्टूनच्या चित्रपटात तुझे आजोबा गाणारणीच्या मागं बसून सारंगी वाजवतात, आणि दारू प्यालेल्या मालकाचा हात तिच्या खांद्यावरून कुठं सरकतो ते दिसू नये म्हणून डोळे मिटून घेतात. हलणारी चित्रं म्हणजे पोरांची, एवढंच या गावाला ठाऊक. तुझ्या घरातल्या तीन पिढ्या त्यात हलत होत्या, हे लिहायला कुणाला जागा पुरली नाही.

आबासाहेबांची ओळख तुला करून द्यायला नको, पण हे इतरही वाचतील. शिरोळकडं ऊस आणि कोल्हापुरात संगीत, अशी त्यांची दोन ठिकाणी शेती. उसाला पाणी पाजावं लागतं. संगीताला नुसतं अध्यक्ष होऊन भागतं. मंडळाच्या हॉलात पहिल्या रांगेत मधोमध जी हातांची खुर्ची आहे, ती त्यांची. ते गावाला गेले तरी तिच्यावर कुणी बसत नाही.

त्याच खुर्चीमागं आपण दोघं बसलो होतो तो दिवस आठव. आपण दोघंही तेव्हा पोरसवदा होतो, एकोणीसशे साठ-पासष्टच्या त्या सालांत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नुकता चिकटलेला, तू मुंबईला जाहिरातींची कार्टून करणाऱ्या एका स्टुडिओत रंग भरून भरून कंटाळून परत आलेला. तुझ्या अब्बांना मंडळानं जन्मात पहिल्यांदा एकट्यानं वाजवायला बोलावलं होतं. आयुष्यभर ते दुसऱ्यांच्या मागं वाजवत आलेले. इथल्या स्टुडिओत होते, पण तिथं सारंगी लागायची ती पडद्यावर कुणी मेलं की. "मी लई मयतींना गेलोय मास्तर," ते मला सांगायचे, "आणि एकाबी मेलेल्याला वळखत न्हाय."

त्या दिवशी त्यांनी सुरुवात अशी संथ केली, की हॉलातले पंखे आवाज करतात हे सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं. तू कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागं चित्र काढत होतास. मला वाटलं अब्बांचं काढतोयस. वाकून बघितलं तर कागदावर समोरच्या खुर्चीतली मान. मागून दिसणारी, दोन वळ्यांची, कानापर्यंत.

"हे काय?"

"बघा की, मास्तर. उशिरा हलतीया."

मग मीही बघू लागलो. सम म्हणजे तालाचं घर. वाजवणारा कुठंही भटकून तिथं परत येतो, आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. कुणी शिकवावं लागत नाही. शेतातून आलेला माणूसही समेवर मान हलवतो. आबासाहेबांची मात्र हलत नव्हती. ते आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याची मान बघायचे, ती हलली की आपली हलवायचे, आणि वर "वा!" म्हणायचे. प्रत्येक वेळी नेमकी एक मात्रा उशिरा. इतक्या नियमानं, की त्यातही एक प्रकारचा ताल होता.

मग ते घडलं. अब्बा रंगात आले होते. घोळवत घोळवत त्यांनी एक सुरावट वर नेली. ती खाली उतरायच्या आत आबासाहेबांनी हात वर केला. "बस, मियाँ! झकास झालं. आता आवरा. जेवणं थंड व्हायला लागलीत."

अब्बांनी गज तारेवरून उचलला, कपाळाला लावला आणि सारंगीला खोळ घातली. लोक पंगतीकडं उठले. रंकाळ्याच्या बाजूनं आपण तिघं घरी चाललो होतो. मग अब्बा तुला म्हणाले, "अर्धं हातातच ऱ्हायलं बघ." बस, एवढंच. न जेवता आले होते, त्याविषयी काही नाही.

पुढच्याच आठवड्यात मी कॉलेजातला टेपरेकॉर्डर चार खोटं बोलून तुमच्या घरी आणला, आणि अब्बांनी ते सगळं, मधे न थांबता, शेवटपर्यंत वाजवलं. खाली अंगणात कोंबड्या ओरडत होत्या, त्याही टेपमध्ये आल्या. वर्षभरात अब्बा गेले. तुझ्याकडं ते रीळ उरलं आणि एक मान.

एवढ्या भांडवलावर माणूस चित्रपट काढतो, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. बंद पडलेल्या स्टुडिओतला एक म्हातारा कॅमेरा तू उचलून आणलास, माडीवर लाकडी घोड्याला उलटा बांधलास, आणि त्याच्याखाली सेल्युलॉइडचे पारदर्शक ताव ठेवून एकेक चित्र टिपायला लागलास. एक गज या टोकापासून त्या टोकाला न्यायचा, तर तुझी सकाळ जायची. दिवसा सिनेमाच्या बॅनरवर नायकांच्या मिशा रंगवायच्या आणि उरल्या वेळात पणजोबांची बोटं. मी म्हणायचो, बोटं एवढी कशाला घोटतोस, लोक तोंडं बघतात. तू म्हणायचास, "सारंगी नखाच्या मुळानं वाजती, मास्तर. आमच्या घरात चेहरा कुणाचा कुणाला मिळत न्हाय, पर नखं सगळ्यांची सारखी."

ताव महाग आणि मिळायला मुश्कील. म्हणून एक प्रसंग टिपून झाला की ते धुवायचे आणि पुन्हा वापरायचे. हे काम तुझ्या बायकोचं, जैनबभाभींचं. घंगाळात कोमट पाणी, साबण आणि मऊ फडकं. मी माडीवर यावं आणि भाभींनी खालून विचारावं, "पणजोबा झालं का? धुवायला घिऊ?" जहागीरदारापुढं लवून बसलेले पणजोबा असे पाण्यात विरघळले, आणि त्याच तावांवर आजोबा आले, गाणारणीच्या मागं बसलेले. आजोबा धुतले, त्यावर अब्बा आले. मी आयुष्यात वंशावळीवरची पुष्कळ पुस्तकं चाळली. भाभींच्या घंगाळाइतकी खरी वंशावळ एकातही नाही.

फक्त मान कधी धुतली नाही. मूठभर ताव, मागून दिसणारी तीच मान, वळ्यांसकट, हलताना. टोपी वेगळ्या तावावर. पणजोबांच्या वेळी त्या मानेवर तू पगडी ठेवलीस, आजोबांच्या वेळी पगडी उचलून फेटा, स्टुडिओच्या मालकाला काळी टोपी, आणि मंडळाच्या अध्यक्षाला पांढरी. खालची मान चारही वेळा एकच. आणि अब्बांच्या टेपवर मात्रा मोजून तू ती प्रत्येक ठिकाणी हलवलीस. समेनंतर एक मात्रा.

यावरूनच आपला वाद. तो इतकी वर्षं चालला, की भाभी दोघांना चहा देताना "आज कुठवर आलं?" असं विचारायच्या.

"चेहरा काढ," मी म्हणायचो. "कोण आहे ते लोकांना कळू दे. नाहीतर खाली नाव तरी घाल."

"चेहरा काढला की एकटा सापडतो. मान काढली की सगळे सापडत्यात."

"आणि ज्याच्यासाठी काढलीस त्यालाच कळलं नाही तर?"

"त्याला सोताची मान दिसतीया व्हय? मागच्यांना दिसती की."

"मग हा सूड कसला, दस्तगीर?"

"सूडच हाय की! मग काय आरती लावलीया?" आणि मग ब्रश पाण्यात बुडवत, हळू, "तुमी पुस्तकवाली माणसं. तुमचा सूड मोठ्यांदी बोलतो. आमचा तालात पायजे."

मला हे तेव्हा कविता वाटलं, आणि कवितेवर माझा विश्वास बेताचाच. समोरच्यानं लाज काढली असेल तर आपणही चौकात त्याची लाज काढावी, असं माझं साधं मत होतं. अजूनही थोडंफार आहे.

आणीबाणी उठली त्या सुमाराला चित्रपट पुरा झाला. जेमतेम अर्ध्या तासाचा. मंडळाचा हॉल आबासाहेबांनी आधी कबूल केला होता. आदल्या दिवशी शिपाई निरोप घेऊन आला की हॉल मिळणार नाही. तू मला घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलास. ते झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबला नाही. "अरे, कार्टून म्हणजे पोरांचा खेळ. हॉलात आपल्या थोर गवयांच्या तसबिरी आहेत, त्यांच्यासमोर हे बरं दिसतं का? त्यापेक्षा ससा-कासवाचं कायतरी काढ. शाळांतून दाखवू."

"तुमी बघितला न्हाय अजून," तू म्हणालास.

"बघायचं काय त्यात?"

तू मला कोपरानं ढकललंस आणि आपण निघालो. मला बोलू दिलं नाहीस, याबद्दल मी तुला पुष्कळ दिवस माफ केलं नव्हतं.

मग तालमीत चादर बांधून खेळ लावला. पहिल्या खेपेला आया पोरांना पावडर लावून घेऊन आल्या. फेट्यातल्या मालकाचा हात सरकायला लागल्याबरोबर त्यांनी पोरांचे डोळे झाकून त्यांना बाहेर नेलं आणि स्वतः परत येऊन बसल्या. म्हणून दुसऱ्या खेपेला तू बाहेर पाटी लावलीस, 'फक्त प्रौढांसाठी'. त्या दिवशी जी गर्दी लोटली, तशी तुझ्या घराण्यात कुणाच्या मैफलीला झाली नसेल. मात्र ती वेगळ्या अपेक्षेनं आली होती. सारंगी सुरू होऊन बराच वेळ झाला तेव्हा अंगाला तेल लावलेला एक पैलवान माझ्याकडं वाकून म्हणाला, "पावणं, ही म्हातारी माणसं झाली की खरा पिच्चर लावत्यात काय?" मी म्हटलं, हाच खरा. तो वैतागून उठला नाही, बसला. अब्बांचं वादन संपलं तेव्हा तो खाली मान घालून तळहात चोळत होता. तू घरी जाताना म्हणालास, "एक गिऱ्हाईक मिळालं." मला वाटतं तुझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा पुरस्कार तोच.

आणि आता तुझ्या शोकसभेत आबासाहेबांनी जाहीर केलं की चाळिसाव्या दिवसानंतर मंडळाच्या हॉलात, मंडळाच्या वतीनं, 'दस्तगीर यांची अजरामर कलाकृती' दाखवण्यात येईल. टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या दिवशी चित्रपटाच्या रिळांचा डबा मागायला भाभींकडं गेलो. तांदूळ निवडत होत्या.

"त्या माणसाच्या हॉलात? न्हाय," त्या म्हणाल्या. "जित्यापणी दार लावलं, आता मेल्यावर हार घिऊन आला. डबा चुलीत घालीन, पर तिथं देणार न्हाय."

"भाभी, त्यांनी चित्रपट बघितलेला नाही."

हात थांबले. "आं?"

"तेव्हाही नाही, आणि आताही नाही. न बघताच नाकारला होता, न बघताच अजरामर झालाय."

"म्हंजी ती मान..."

"त्यांना पत्ताच नाही."

भाभी डबा ठेवलेल्या ट्रंकेकडं बघत बसल्या. तुझ्यामागं त्या पहिल्यांदा हसल्या ते तेव्हा. तोंडाला पदर लावून, पण हसल्या. "बसणार कुठं त्यो?"

"पहिल्या रांगेत. मधोमध. नेहमीसारखे."

"मग थांबलाय कशाला, मास्तर? आजच न्या की."

मंडळाचा पडदा फार खाली लावतात. पुढच्या खुर्चीतली टोपी चित्रात येते, अशी माझी जुनी तक्रार आहे. या वेळी मी ती केली नाही. आबासाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर कुणाला बसवायचं, हेही माझ्याकडंच आलं होतं. मी पेठेतल्या एका म्हाताऱ्या तबलजीला आग्रहानं बसवलं. झोपेतसुद्धा त्यांची मान समेवर पडते. मागच्या रांगा बँडवाल्यांना, तालमीतल्यांना आणि तुझ्या बॅनरवाल्या दोस्तांना दिल्या. सुडाची तयारी इतकी शांतपणे करता येते, हे मला माहीत नव्हतं. लग्नात पाटरांगोळ्या मांडाव्यात तसं सगळं मांडत गेलो.

आबासाहेबांनी आधी भाषण केलं. त्यात तू दोनदा आलास, मंडळ बरंच आलं. मग दिवे गेले.

जहागीरदाराची पगडी पडद्यावर आली आणि हलली, तेव्हा कुणाला काही कळलं नाही. पडद्याच्या खालच्या कडेला, उजेडावर काळीभोर, पांढऱ्या टोपीतली खरी मान होती. तबलजींची मान समेवर हलली. मग पडद्यावरची हलली. आणि नेमक्या त्याच क्षणी खालची. मागं कुणीतरी फिसकन हसलं. फेट्याच्या वेळी निम्मी रांग हसली. काळ्या टोपीच्या वेळी पूर्ण हॉल. आबासाहेबांना वाटलं चित्रपट विनोदी आहे. तेही हसले. हॉल हसून थांबल्यावर.

मग पडद्यावर पांढरी टोपी आली. खाली पांढरी टोपी, वर पांढरी टोपी, त्याच दोन वळ्या. अब्बा समेवर आले, दोन्ही माना एका मात्रेनं मागून हलल्या, आणि मागून बँडवाल्यांतला कुणीतरी भसाड्या आवाजात ओरडला, "आबासाहेब, समेवर या की!"

खालची मान हलायची थांबली. काही क्षण ती वर पडद्यावरच्या मानेकडं बघत राहिली. दस्तगीर, आपला वाद त्या क्षणात संपला. चेहरा काढला असतास तर त्यांनी दुसऱ्या दिवशी वकील केला असता. मानेवर वकील काय करणार? वाद तू जिंकलास, आणि ते ऐकायला हजर नाहीस. ही तुझी जुनी खोड.

त्यांना उठून जायचं असणार. पण उठलं तर सावली पडद्यावर पडणार, हे त्यांना कळत होतं. ते खुर्चीत बसून राहिले.

आणि मग ती जागा आली. अब्बा सुरावट वर नेत होते. 'जेवणं थंड' ती हीच जागा. हे हॉलात दोघांनाच माहीत होतं, एक मी आणि एक ते. तू इथं मान पडद्यावरून काढून टाकली आहेस. टोपी नाही, हॉल नाही, फक्त दोन हात, नखं आणि गज. सूर वर गेला, थांबला, आणि कुणीही हात वर केला नाही. तो सावकाश, घोळत, कोंबड्यांच्या आवाजातून वाट काढत खाली उतरला. त्याच हॉलात जे अर्धं हातात राहिलं होतं, ते त्याच हॉलात पुरं झालं. सगळ्या माना एकदम हलल्या. तबलजींची, बँडवाल्यांची, पैलवानांची, भिंतीवरच्या थोर गवयांचीही हलली असेल. एकच मान हलली नाही. ती हलवायची कधी, याचा धीर तिला आता होत नव्हता.

बाहेर मंडळानं चहा ठेवला होता. तो थंड झाला. कुणाला घाई नव्हती.

दिवे लागल्यावर मी सवयीनं डावीकडं वळलो. तुला म्हणायचं होतं, "बघितलंस?" डाव्या बाजूला कुणाची तरी पिशवी ठेवलेली होती. सूड घेऊन झाल्यावर तो सांगायला माणूस लागतो, हे मला एकाही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. तू अब्बांसाठी पुरा केलास, मी तुझ्यासाठी. पण अब्बांना तू सांगू शकला नाहीस आणि तुला मी. म्हणून हे लिहितो आहे. छापून येईल, आबासाहेब वाचतील. तुझ्या तालात मला येत नाही, मी मोठ्यानंच बोलणार.

काल डबा परत द्यायला गेलो. भाभी अंगणात घंगाळ घेऊन बसल्या होत्या. शेजारी तावांची ती मूठभर चळत. मान. इतक्या वर्षांत पाण्याला न लागलेली. मी ग्रंथपाल आहे, दस्तगीर. जे जे आहे ते जपून ठेवावं यासाठी मला पगार मिळाला. मी "भाभी, अहो," एवढंच म्हणालो.

त्यांनी वरचा ताव उचलून उन्हात धरला. दोन वळ्या, कान.

"मास्तर, शेवटाला ही हललीच न्हाय न्हवं?"

"नाही, भाभी. हलली नाही."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि ताव पाण्यात घातला.